चिठ्ठी पालथी ठेवणाऱ्या अक्का

आमच्या स्कॅन सेंटरमध्ये पेशंटबरोबर आलेली डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर पालथी पडलेली असते आणि तिच्यावर एक स्टीलचा पेला ठेवलेला असतो. नवीन आलेला डॉक्टर पहिल्या दिवशी हमखास तो पेला उचलायला जातो आणि माझ्याकडून बोलणी खातो. मग तो जरा घुश्श्यातच विचारतो, "मॅडम, हा नियम कोणी केला?" मला हा प्रश्न फार आवडतो. कारण मग मला अक्कांबद्दल बोलायला मिळतं, आणि अक्कांबद्दल बोलायला लागले की मला आवरणं कठीण, असं सेल्वम् म्हणतो. सेल्वम् म्हणजे आमचा स्कॅन काढणारा तंत्रज्ञ. त्याचं म्हणणं मी फारसं मनावर घेत नाही.

अक्का म्हणजे डॉक्टर तुळजाबाई राव. कुंभकोणमच्या मराठी. तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं त्या वेळी यांचं घराणं खाली उतरलं आणि परत वर जायचं राहूनच गेलं. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठी अशी की ऐकताना आपल्या खापरपणजीनं फोन उचललाय असं वाटावं. मी मिरजेची. आमच्या मिरजेत रिक्षावालासुद्धा एक्स-रे उन्हात धरून बघतो आणि "लिगामेंट गेलंय" म्हणून मोकळा होतो. अशा गावात डॉक्टरकी शिकून, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीपायी मी इथे कुंभकोणमला येऊन पडले तेव्हा मला वाटलं होतं, या लहानशा सेंटरमध्ये मला कोण काय शिकवणार.

पहिल्या दिवशी आत गेले तर एक ठेंगणी बाई पडद्यासमोर बसलेली. सुती साडी, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ, आणि पांढऱ्या अंबाड्यावर अबोलीचा भरगच्च वळेसर. मान न वळवता म्हणाल्या, "ये गे. जेवण जालें कां?" इतक्या दूर, दिवसभर तमिळ ऐकून कान विटलेले असताना कुणीतरी मराठीत जेवणाचं विचारलं म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या मिनिटाला त्यांनी माझ्या हातातली पेशंटची चिठ्ठी काढून घेतली, पालथी टाकली, आपला कॉफीचा रिकामा पेला तिच्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आतां बघ." डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं.

मी भांडले. भांडणं मला जमतं. म्हटलं, "अक्का, पेशंटला काय होतंय ते माहीत नसताना फोटो बघायचा म्हणजे आंधळी कोशिंबीर खेळण्यासारखं आहे. आमच्याकडे आधी चिठ्ठी वाचायला शिकवतात."

"वाचूं की. कोण नको म्हणतें?" अक्का म्हणाल्या. "आधीं चित्राची गोष्ट ऐकूं. मग डाक्टराची गोष्ट ऐकूं. मग पुन्हां चित्राकडे जाऊं आणि विचारूं, तुला आणखी कांहीं सांगायचें आहे कां? चिठ्ठी आधीं वाचलीस तर चित्र गप्प बसतें. मग तूंच बोलत बसतेस."

तीनदा बघायचं. हा त्यांचा शिरस्ता. पडद्यावर पेशंटचं नावही येऊ नये अशी सोय त्यांनी सेल्वमकडून करून घेतली होती. वय, बाई की पुरुष आणि एक नंबर, एवढंच दिसायचं. रिपोर्ट लिहून झाला की मग नाव जोडायचं. मला हे सगळं चक्रमपणाचं वाटलं होतं. चक्रम माणसं गोड असतात म्हणून मी सोडून दिलं.

अक्का गोड होत्या असं मात्र कुणी म्हणणार नाही. कुणी पहिल्या झटक्यात काही हुडकलं आणि खूश होऊन मागे टेकलं की त्या लगेच म्हणायच्या, "सरी, ऊठ. हात धुऊन ये." सरी म्हणजे तमिळमध्ये बरं. आणि खरोखर उठवायच्या. डोळ्याला एक गोष्ट मिळाली की तो पोट भरल्यासारखा सुस्तावतो, ताटात पुढे काय वाढलंय बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. हात धुऊन आल्यावर नव्यानं बसायचं, सापडलेलं सापडलंच नाही असं समजायचं आणि कडांपासून सुरुवात करायची. त्या स्वतःही उठायच्या. सत्तरीकडे झुकलेली बाई, गुडघे कुरकुरताहेत, तरी प्रत्येक स्कॅनला एकदा उठून मोरीपर्यंत जाऊन यायची. सुरुवातीला मला हसू यायचं.

ते हसू दारासुरमच्या कण्णननं बंद केलं. कण्णन रेशमाच्या साड्या विणणारा. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं, दिवसभर पाय मारायचे, असं आयुष्य. त्याची पाठ दुखत होती. आता दारासुरमच्या विणकराची पाठ दुखते याचं इथे कुणाला काही वाटत नाही. कण्णन म्हणाला मागाची पाठ, त्याची बायको म्हणाली मागाची पाठ, सेल्वम् त्याला मशिनवर झोपवताना म्हणाला मागाची पाठ. गावातल्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी मणक्याचा स्कॅन मागितला होता, आणि चिठ्ठीवर पहिला शब्दच 'विणकर' असा होता. अर्थात ती चिठ्ठी पेल्याखाली होती.

मी बघितलं. मणक्यातली एक गादी सरकलेली, नस दाबलेली. अगदी पुस्तकात छापावं तसं. मी सांगितलं, अक्कांनी मान हलवली आणि आम्ही दोघी हात धुवायला गेलो. परत आल्यावर अक्का मणक्याकडे बघेचनात. चित्राच्या कडेला, जिथे मूत्रपिंडाचा थोडासा भाग ओझरता येतो, तिथे बोट ठेवून बसल्या. मग चित्र डावं-उजवं उलटं केलं. हीसुद्धा त्यांची एक खोड. ओळखीचा चेहरा उलटा केला की अनोळखी दिसतो आणि मग नीट बघितला जातो, म्हणून. "हें काय आहे गे?" त्या म्हणाल्या. तिथे, अगदी कडेला, मूत्रपिंडाची रेघ जिथे गोल वळायला हवी होती तिथे बाहेर फुगली होती.

मोठे डॉक्टर फोनवर वैतागले. त्यांनी मणक्याचं विचारलं होतं, मूत्रपिंडाचं कुणी विचारलं, असा सूर. अक्का त्यांच्याशी तमिळमध्ये बोलत होत्या, शांतपणे. "सर, तुम्ही विचारलंत मणक्याचं, पण माणूस अख्खा पाठवलात. आता अख्खा बघावा लागला." मूत्रपिंडात गाठ होती. वेळेत निघाली. कण्णन अजून विणतो, आणि त्याची पाठ अजून दुखते, कारण ती खरोखरच मागाचीही होती. अक्कांना यातलं हेच विशेष वाटायचं. सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर कुणी पुढे बघितलं नाही, असं त्या म्हणत.

त्या दिवसापासून मी मुकाट्यानं हात धुऊ लागले. आता तर नव्या पोरांना मीच उठवते.

शुक्रवारी जेवणाआधी आमच्याकडे चुकांची बैठक व्हायची. ही अक्कांनीच सुरू केलेली. आठवड्यातली स्वतःची चूक पडद्यावर लावायची आणि कशी झाली ते सांगायचं. पहिली चूक कायम अक्कांची. ज्यानं आपणहून चूक आणली त्याला पहिली कॉफी, तीही अक्कांच्या हातून. दुसऱ्याची चूक बघून "हे तर स्पष्ट दिसतंय" असं जो म्हणेल त्यानं पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना गरम बोंडे, म्हणजे इथले बटाटेवडे, आणायचे. कारण उत्तर कळल्यावर सगळ्यांनाच स्पष्ट दिसतं, त्यात मोठेपणा काय, असं अक्का विचारायच्या. सेल्वमला ते वाक्य आवरायचं नाही, आणि आम्हाला बोंडे आवडायचे, म्हणून आम्ही त्याला कधी सुधारलं नाही.

एका शुक्रवारी अक्कांनी तिरुनागेश्वरमच्या एका बाईचा छातीचा फोटो लावला. देवळाबाहेर फुलं विकणारी बाई. अक्कांनी तिचा फोटो साफ असल्याचं लिहिलं होतं, आणि तिला क्षय निघाला. औषधं सुरू झाली, बाई बरी होत होती, पण अक्कांना ते फार लागलं होतं. त्या कशा चुकल्या ते त्यांनी सांगितलं. पुढे काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की छातीचा प्रत्येक फोटो त्या माझ्याकडे सरकवताहेत. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत ती फूलवाली बसली आहे. जो फोटो बघतें त्यांत मला क्षय दिसतो. तिला उतरूं दे. तोंवर तूं बघ." मोठमोठे डॉक्टर मी पाहिलेत. आपल्या डोळ्यांत कोण बसलंय हे ओळखून खुर्ची सोडणारी ही एकच बाई पाहिली, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसत होते, याचा मला ताठा आहे.

एकादशीला त्यांचा कडक उपास. त्या दिवशी दुपारनंतर त्या एकही स्कॅन बघायच्या नाहीत. "भुकेल्या डोळ्याला अवघें भातासारखें दिसतें," म्हणायच्या आणि टाऊन बसनं तिरुविसनल्लूरला, आपल्या घरी जायच्या. तिथे त्यांचे थोरले भाऊ अण्णा विठ्ठलाचं भजन करायचे आणि अक्का टाळ वाजवायच्या. वाजवायच्या म्हणजे काय, आपटायच्या. एकदा मला अण्णांनी बाजूला घेऊन अतिशय गंभीरपणे विचारलं, "इतकी शिकलेली बाई, हिला ताल कां दिसत नाहीं?" मी म्हटलं, अण्णा, तालाचा फोटो निघत नाही म्हणून. अण्णा तेवढ्यापुरते खूश झाले. टाळ मात्र अक्कांनी सोडले नाहीत.

पुढे कंपनीची माणसं एक नवं सॉफ्टवेअर लावून गेली. ते चित्रात जिथे संशय येईल तिथे आपोआप लाल चौकोन काढतं. अक्कांनी नाक मुरडलं नाही. उलट दोन दिवस लहान मुलासारख्या त्याच्याशी खेळल्या. तिसऱ्या दिवशी सेल्वमला म्हणाल्या, चौकोन शेवटी दाखव, आमचं बघून झाल्यावर. "तो चौकोन काढतो आणि माझा डोळा त्या चौकोनांतच पान मांडून बसतो. चौकोन नसला तर निजतोच." म्हणजे यंत्राची चिठ्ठीही पेल्याखाली गेली. पण शेवटी ती उघडून वाचायचीच, हेही त्यांनी बजावलं. दोनदा त्या यंत्रानं आम्ही चुकवलेलं दाखवलं, तेव्हा त्यांनी शुक्रवारी पहिली कॉफी पडद्यासमोर ठेवली. मग ती मी प्याले.

आता ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं ते सांगते.

अक्कांना खोकला झाला होता. जाता जाईना. त्यांना तरुणपणी क्षय होऊन गेलेला आणि फुप्फुसात त्याचा जुना व्रण होता. इथल्या वयस्कर माणसांच्या छातीत असे व्रण पुष्कळ सापडतात, त्यामुळे आम्हालाही त्याचं काही नव्हतं. त्या चेन्नईला जाऊन आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला दाखवून आल्या. तो आता तिकडे फार नावाजलेला. त्यानं फोटो बघितला, हसला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, अक्का, तुमचा तो जुनाच व्रण आहे, काळजीचं काही नाही.

सोमवारी सकाळी अक्कांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. "त्यानें माझ्याकडे बघितलें," त्या म्हणाल्या. "फोटोकडे नाहीं बघितलें. पोर चांगला आहे. माझ्यावर माया आहे त्याची. तीच आड आली."

मी म्हटलं, मग आपण स्कॅन काढू, तुम्ही स्वतः बघा.

"काढला. काल सेल्वमला बोलावून काढला. बसलें बघायला. व्रण दिसला. हात धुऊन आलें, व्रण दिसला. उलटा करून बघितला, तरी व्रणच." त्यांनी पडद्याकडे पाठ केली. "मला हा स्कॅन बघतां येत नाहीं गे. मला ह्या बाईविषयीं फार माहीत आहे."

मी हात पुढे केला. म्हटलं, द्या, मी बघते. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तूं तर मुळींच बघूं नको. तूं माझी म्हणून बघशील." मग म्हणाल्या, "ह्या आठवड्यांत माझा स्कॅन तुझ्यापुढें येईल. कोणत्या दिवशीं तें सांगणार नाहीं. नंबर बदलला आहे, वयही थोडें पुढेंमागें केलें आहे. तूं नेहमीसारखी बघ."

मला संताप आला. खरंच आला. मी म्हटलं, "अक्का, हा काय पोरखेळ मांडलाय? तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि माझ्याकडून चुकला तर?"

"तर तो दुसऱ्या कोणाचाही तुझ्याकडून चुकला असता," अक्का म्हणाल्या. "मग माझाच चुको." आणि टेबलावरचा पेला उचलून कॉफी आणायला गेल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. प्रत्येक स्कॅन अक्कांचा. बाईचा आला तर अक्काच, पुरुषाचा आला तरी मनात यायचं, अक्कांनी तेही बदललं असेल. डोक्याचा, पोटाचा, गुडघ्याचा, सगळे अक्कांचेच वाटायला लागले. सायकलवरून पडून बरगडी दुखावलेल्या एका म्हाताऱ्याच्या स्कॅनमध्ये मी बरगडी बघून उठले, हात धुतले, परत बसले, आणि पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली दिसली. फुटली असती तर माणूस दारातच गेला असता. एरवी मी ती बघितली असती का? बघितली असती, असं म्हणते. पण त्या आठवड्यात मी ती अक्कांची रक्तवाहिनी म्हणून बघितली होती.

दुसरीकडे मी घाबरट झाले होते. मंगळवारी मी तीन माणसांच्या साध्या रक्तवाहिन्यांना गाठी ठरवायला निघाले. अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या, रिपोर्ट वाचले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भिऊन बघूं नको," म्हणाल्या. "भीति ही पण चिठ्ठीच आहे. ती पण पालथी घाल." मी तीन रिपोर्ट फाडले आणि पुन्हा बसले. सांगायला सोपं आहे. भीती पेल्याखाली मावत नाही.

बुधवारी साठीपुढच्या एका बाईचा छातीचा स्कॅन आला. लहान चण, उजवीकडे जुना व्रण. म्हटलं, ह्याच अक्का. बघितलं, उठले, आले, उलटा केला, पुन्हा बघितला. व्रणाशिवाय काही नाही. अगदी स्वच्छ. मी रिपोर्ट लिहिला आणि मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं. सुटले, असं वाटलं. संध्याकाळी घरी पुरणपोळी केली. नवऱ्यानं विचारलं आज काय आहे, तर म्हटलं, खा गुपचूप.

गुरुवारी दुपारी छातीचा आणखी एक स्कॅन आला. पुन्हा बाई, पुन्हा वयस्कर, पुन्हा उजवीकडे वर व्रण. कालच्या सुटकेची सुस्ती अंगात होतीच. व्रण दिसला, म्हटलं व्रण, आणि हात रिपोर्टकडे गेला. तेवढ्यात मनात आलं, कालची अक्का होती हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. ते मीच ठरवलं होतं, कारण मला ते हवं होतं. मी उठले. हात धुतले. येऊन चित्र उलटं केलं आणि कडांपासून सुरुवात केली. फिरत फिरत व्रणाशी आले. व्रण जुना होता, आक्रसलेला, चुन्यासारखा पांढरा. पण त्याच्या मागच्या अंगाला काहीतरी टेकून बसलं होतं. लहानसं, करडं, कडेला बारीक काटे फुटलेलं. व्रणाला असे काटे फुटत नाहीत. व्रणाच्या सावलीत बसलं होतं म्हणून त्याला कुणी हटकलं नव्हतं.

चिठ्ठी उघडायच्या आधीच मी लिहिलं की व्रण जुना आहे, त्याच्यामागे एक नवी लहान गाठ आहे, ती व्रणाचा भाग वाटत नाही, तुकडा काढून तपासावा, उशीर करू नये. मग लाल चौकोन दाखवायला सांगितलं. यंत्रानं व्रणाभोवती चौकोन काढला होता. गाठीबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

अक्का आल्या. रिपोर्ट वाचला. परत वाचला. चष्मा काढून पदराला पुसला. "चांगलें लिहिलेंस," म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. मला कळलं. त्यांनी पेला उचलून चिठ्ठी सरळ केली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'जुना व्रण, खोकला.' त्यांनी चिठ्ठीतसुद्धा स्वतःविषयी मला खरं सांगायचं सोडलं नव्हतं. "आतां नांव जोड," त्या म्हणाल्या.

मी नाव जोडलं आणि रडले. त्या रडल्या नाहीत. मला वाटतं त्यांना खरोखर आनंद झाला होता, बरोबर बघितलं गेलं याचा, आणि गाठ आपली आहे हे त्यांच्या लक्षात जरा मागून आलं. कारण थोड्या वेळानं त्यांनी दहीभाताचा डबा उघडला आणि एक घासही न घेता परत झाकण लावलं. मी जवळ बसले. "अण्णांना काय सांगूं?" असं त्यांनी मला विचारलं. बाकी काही नाही. सेल्वम् दारात उभा होता. तो इतके दिवस गुपित पोटात ठेवून अर्धा झाला होता. तोही रडायला लागला, मग अक्कांनी आम्हा दोघांना हात धुवायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी स्वतःचा स्कॅन पडद्यावर लावला. स्वतःची चूक म्हणून. "हा मीं तीनदा बघितला आणि तीनदा चुकलें," त्यांनी सुरुवात केली, आणि अगदी नेहमीसारखं सगळं सांगितलं. सेल्वम् पडद्याकडे बघत राहिला. गाठ आता सगळ्यांनाच दिसत होती. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही.

फुप्फुसाचा एक भाग चेन्नईला काढला. गाठ लहान होती, कुठे पसरलेली नव्हती. तो नावाजलेला विद्यार्थी रोज दोन वेळा भेटायला यायचा आणि अपराध्यासारखा उभा राहायचा. शेवटी अक्कांनी त्याला शुक्रवारची बैठक कशी घ्यायची ते शिकवलं. तो आता घेतो. तिकडे बोंड्यांऐवजी काय आणतात मला माहीत नाही.

अक्का कामावर परत आल्या नाहीत. दम पुरत नव्हता. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी सगळ्यांना सांगते, या आठवड्यात अक्कांचा स्कॅन आहे. कधी येईल माहीत नाही. नव्या डॉक्टरांना आधी वाटतं मी थट्टा करते. मग ते हळूहळू हात धुवायला लागतात.

पुढची काही वर्षं त्या दरसाल तपासणीला यायच्या, कधी ते न सांगता. दर वेळी वेगळ्या नंबरानं, नाव न देता, सेल्वमशी संगनमत करून. आणि मग अलीकडेच, तिरुविसनल्लूरच्या घरी, दुपारी जेवून पडल्या असताना गेल्या. हृदय थांबलं. त्या गाठीनं नव्हे. हे मी मुद्दाम सांगते. ती गाठ त्यांच्या छातीत परत कधी आली नाही हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण शेवटपर्यंत त्यांचे स्कॅन मीच बघत होते, कोणते ते मला माहीत नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्याच सेंटरमध्ये. सकाळची गर्दी होती. मी मधल्या बोळातून चालले होते. बाकावर दारासुरमचे दोन विणकर, एक पोटुशी बाई, आणि टोकाला भिंतीकडे तोंड करून एक ठेंगणी म्हातारी बसलेली. टाऊन बसचं तिकीट मनगटावरच्या मोठ्या घड्याळाखाली खोचलेलं. पांढरा अंबाडा, त्यावर अबोलीचा भरगच्च वळेसर. हातात चिठ्ठी होती आणि ती मांडीवर पालथी धरलेली होती.

माझी पावलं थांबली. पुढे जाऊन पाया पडावं, आत न्यावं, कॉफी द्यावी, जेवण जालें कां विचारावं, असं सगळं एकदम वाटलं. भिंतीकडे वळलेली ती मान जराही हलली नाही. मी बघितलंच नाही असं केलं. तशीच पुढे गेले.

आत सेल्वम् घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, बाहेर अक्का..."

"कोण अक्का?" मी म्हटलं. "पुढचा नंबर घे."

मग मी चिठ्ठी पालथी टाकली, तिच्यावर पेला ठेवला आणि बघायला बसले.